आठातले चार बंद

२४ नोव्हेंबर १९७३, शनिवार

गाडी विकत नाहीत. अर्धी बंद करतात.

पेट्रोलचा नवा भाव ऐकल्यापासून पंजाबराव मालक दोन दिवस गाडीकडं पाठ करून चहा पीत होते. आज मला बोलावलं. म्हणाले, "निळ्या, ही हत्तीण पोसणं आपल्याच्यानं होत नाही. इकून टाकतो."

देऊळगावात मी आलोच या गाडीपायी. सहा महिन्यांमागं जालन्याच्या स्टँडजवळ उभी दिसली. लांब, हिरवी, विलायती, आठ सिलिंडरची. हिचा ड्रायव्हर पळून गेलाय असं कळलं अन् मी मालकापुढं जाऊन उभा राहिलो. सोनाळ्याच्या घरून निघाल्यापासून हॉटेलात राहिलो, टूरिंग टॉकीजमध्ये राहिलो, ट्रकवर क्लीनर झालो. तीन महिन्यांवर कुठं टिकलो नाही. इथं सहा झाले.

मग गाड्या दुरुस्त करणारा इंद्रभान मिस्त्रीच म्हणाला, "मालक, आठातले चार बंद करून देतो. उरलेल्या चारवर चालंल. खाणंबी कमी."

मालकाला पटलं. आधी आठवड्याला तीन डबे पेट्रोल लागायचं, आता दोनच मिळणार. दोन डब्यांत भागलं तर गाडी राहील. नाही भागलं तर गिऱ्हाईक शोधणार. हे असं ठरलं.

२६ नोव्हेंबर

मिस्त्रीनं इंजिनाचं वरचं झाकण काढलं अन् व्हॉल्व्ह उघडणाऱ्या आठ सळ्या बाहेर ओढल्या, एका सिलिंडरच्या दोन. फडक्यात बांधून आपल्या पेटीत ठेवल्या. मी विचारलं, नुसत्या प्लगच्या वायरी काढल्या असत्या तर?

"मंग पेट्रोल जळलं नसतं, पण गेलंच असतं. नळ बंद करा लागते बे, बादली लपवून काय होते?"

माणूस हुशार आहे. पण झाकण लावताना त्याचं तोंड उतरलं होतं.

चालवून पाहिली. त्यावर काही लिहीत नाही.

२९ नोव्हेंबर

लिहितो. पूर्वी पाय ठेवला की निघायची. आता पाय ठेवला की विचार करते. मग हादरते. मग निघते. स्टिअरिंग हातात थरथरतं, आरसा थरथरतो, आरशातले मालक थरथरतात. जोर यावा म्हणून पाय जास्तच दाबावा लागतो, म्हणजे वाचतं काय तेही कळत नाही. चार जणांनी काम करायचं अन् चार जणांनी डब्यात बसून फुकट जायचं — अशी गाडी.

जालन्याच्या रस्त्यावर एसटीनं मागं टाकलं. तिच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून मला आशीर्वाद दिला.

मालक मागून म्हणाले, "कशी गुळगुळ चालून राह्यली." दात वाजत होते त्यांचे.

६ डिसेंबर

आज टपाल आणायला निघालो अन् बालाजीच्या गल्लीत एक पेटीवाला पेटी दुरुस्त करत बसला होता. एक सूर दाबला की शेजारचाही वाजायचा. दोन तास तिथंच बसलो. टपाल राहिलं. मालक रागावले, मालकीणबाई वच्छलाकाकूंनी भाकरी वाढली. हिशोब बरोबर.

१२ डिसेंबर

लाज गेली.

काकूंना माहेरी, जानेफळला सोडायचं होतं. भाचीचं लग्न. काकू, मालक, दोन पाहुण्या, शिध्याच्या पिशव्या, पितळी घंगाळ. एका चढावर गाडी निम्म्यात थांबली अन् मागं सरकू लागली. हँडब्रेक ओढला. मालक खाली उतरले. पाहुण्या उतरल्या. काकू शेवटी उतरल्या. पदर खोचून चालू लागल्या अन् माझ्याआधी चढ चढून वर जाऊन बसल्या.

मी वर पोहोचलो तेव्हा म्हणाल्या, "ये बाप्पा. आम्ही लय वेळची आलो."

मालक घंगाळ मांडीवर घेऊन जानेफळपर्यंत बसले. तरी रात्री मांडवात सगळ्यांना सांगत होते, चारवर आणली, चारवर!

१५ डिसेंबर

मिस्त्रीकडं गेलो. म्हटलं, सळ्या परत बसव.

तो तारेनं नखातली घाण काढत बसला. मग म्हणाला, "मालकाले कळलं तर?"

"माझ्यावर ढकल."

"ढकलीनच." मग हळूच, "पण मले एकडाव चालवू द्या लागंल. सिंदखेडवरी. आठवर."

मालक लग्नघरी अजून दोन दिवस आहेत. मिस्त्रीनं सळ्या बसवल्या, झाकण लावलं, हात धुतले, टोपी घातली अन् चाकामागं बसला. परत आल्यावर म्हणाला, "चांगल्या बैलाले दावणीले बांधून ठेवल्यासारखं केलं होतं मी."

१८ डिसेंबर

मालकांना आणलं. तो चढ असा गेला की काकू म्हणाल्या, "आला का चढ?" मालक म्हणाले, "आज गाडी खुशीत आहे बे."

"हवा थंड आहे मालक."

"हाव. थंडीत चांगली चालते."

२० डिसेंबर

गुरुवारीच दुसरा डबा संपत आला! मालकांच्या जालन्याच्या दोन फेऱ्याच पुरतात तेवढ्यात. बाकी टपाल, गिरणी, शेतावर गड्यांची भाकरी, काकूंचं औषध — गाडीला पेट्रोलच उरत नाही.

कोठ्यात मालकांची जुनी सायकल होती. कबुतरांनी घाण केली होती. धुतली.

३ जानेवारी १९७४

पंधरा दिवस झाले. गाडी फक्त मालकांसाठी अन् फक्त जालन्याला. बाकी सगळं सायकलवर. दोन डबे पुरतात, वर थोडं उरतं. मालक विचारतात, गाडी कुठं गेली होती? कुठं नाही मालक, सायकलनं गेलो. म्हणतात, पोरगा सुधरला.

पाय दुखतात. पण एक आहे, सायकलवरून माणसं बोलतात. गाडीतून जाताना नुसतं बाजूला व्हायची. आता गिरणीवाला दळण तयार ठेवतो. शेतावरची बनाबाई रोज म्हणते, "डायवर, तुही मोटर कुठं गेली?" अन् रोज मूठभर हरभरा देते. परवा विहिरीवरचा पंप पाहत बसलो, भाकरी थंड झाली. कोणी काही म्हटलं नाही. बनाबाई म्हणाली, "पंप पाह्यला का पुरा?"

मंगळवारी अन् शुक्रवारी मात्र जालन्याचा रस्ता. आठही चालू. मालक मागं झोपतात. मी हळू आवाजात गातो.

२६ जानेवारी

वाईट बातमी. मालकांनी फुशारक्या मारून ठेवल्यात. चारच सिलिंडरवर, दोन डब्यांत आठवडा, गाडी पाण्यासारखी चालते. ते ऐकून चिखलीचे भाऊराव, सरकी-कापसाचे व्यापारी, गाडी पाहायला येतायत. विकत घ्यायला. मालक म्हणतात, एवढं चांगलं गिऱ्हाईक पुन्हा भेटत नाही.

म्हणजे गाडी राहावी म्हणून सदतीस दिवस सायकल मारली, त्यापायीच गाडी चालली.

३० जानेवारी

भाऊराव आले. पांढरा सदरा, जाड आवाज. मी त्यांना दोन चकरा मारून आणलं. हात छातीवर धरून बसले होते.

ओट्यावर बैठक झाली. मालक गाडीसुद्धा बैलासारखीच विकतात — मांडीवर रुमाल टाकायचा, दोघांनी हात खाली घालायचे, बोटं दाबून भाव करायचा. पण हात घालण्याआधी खोड सांगायची. अन् या घरची रीत अशी की खोड मालक सांगत नाही, हाकणारा सांगतो. कारण त्यालाच माहीत असते.

मालक म्हणाले, "निळ्या, खोड असंल तर सांग."

मी विचार केला. गप्प राहिलो तर गाडी जाते. सांगितलं तर भाऊराव पळतात, गाडी राहते. मी राहतो का नाही ते मालक पाहतील. खोटं मी पुष्कळ बोललो आहे आयुष्यात, पण अशा बैठकीत नाही.

म्हटलं, "खोड ही आहे की आठही सिलिंडर चालू आहेत. मीच चालू करून घेतले. पेट्रोल पिते. दोन डबे पुरले ते मी सायकल चालवली म्हणून."

मालकांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

भाऊराव हसले. असे हसले की पोट हललं. "अरे लेका, चारवर असती तर मले कायले पाहिजे होती? येताना हाच घोर लागला होता, आता हे चार चालू करून कोण देईन." अन् हात रुमालाखाली घातला.

३१ जानेवारी

संध्याकाळी मालकांनी ओट्यावर बोलावलं.

"टपाल सायकलनं?"

"हाव."

"दळण, औषध, शेतातली भाकर?"

"हाव मालक."

"मंग गाडी कोणाले पाहिजे होती बे?"

"मले."

मग म्हणाले, "मलेबी वाटलं होतं, थंडीनं गाडी एवढी खुश होत नाही." अन् उरलेला चहा माझ्या बशीत ओतला. "भाऊराव तुलेबी मागून राह्यले. गाडीसोबत. जा. मी काऊन अडवू?"

काकू आतून म्हणाल्या, "जाऊ द्या, चिखलीत तरी चढ चढंल." पण भांडी जोरात घासत होत्या.

२ फेब्रुवारी

गाडी चिखलीला पोचवली. आठवर, सगळ्या काचा खाली करून. भाऊराव म्हणाले, खोली तयार आहे, पेट्रोलचं कधी विचारणार नाही. चाबी त्यांच्या हातावर ठेवली अन् स्टँडवर आलो. देऊळगावचं तिकीट काढलं. मागं जायचं तिकीट मी आजवर कधी काढलं नव्हतं.