शेजारची खुंटी

आई, काल संध्याकाळी टीव्हीवर नाताळचा एक सिनेमा लागला होता आणि भिंगारला मिशनच्या आवारात आपण दोघींनी पाहिलेला तो आठवला. दुष्काळाची वर्षं होती ती. हे गेल्यावर मी तुझ्याकडे परत आले होते आणि लष्करी छावणीजवळच्या शिंप्याच्या दुकानात काज-बटण करत होते. कापड ज्या रद्दीत बांधून येई, तिच्यावरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले तेही तिथंच. दुकानातले कटिंग मास्तर, बायको वारलेला शांत माणूस, यांनी त्या दिवाळीनंतर बहिणीला आपल्याकडे पाठवलं, पाटासाठी विचारायला. विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. तू चुलीपुढून मान वर न करता म्हणालीस, "आमच्यात पाट लावत न्हाईत. ज्यांच्यात लावत्यात त्ये अंधारात लावत्यात, सवाशिनींनी तोंड बगू नये म्हनून. माझी लेक तशी चोरावानी जायाची न्हाई. तिची भाकर मला जड झाली न्हाई." बहीण चहा न घेताच उठली. मी शेजारी भाकरी थापत होते. मला कुणी विचारलं नाही.

मग नाताळ आला. दोन कडुलिंबांच्या मध्ये पडदा म्हणून चादर बांधलेली, पुढं आपण सगळ्या बायका गोणपाटावर. अमेरिकेत लोक घरी बसून टीव्हीवर बघतात तसला सिनेमा आहे, असं मिशनच्या शाळेतल्या गुरुजींनी कर्ण्यावरून सांगितलं. आपल्यातल्या कुणी टीव्ही पाहिला नव्हता. बोलणं सगळं इंग्रजी, गुरुजी जमेल तसं मराठी करत होते. थोड्या थोड्या वेळानं गोष्ट ऐन रंगात तुटे, पडदा काळा पडे आणि मशीनवाल्याला शिव्या बसत. तिकडे तेवढ्यात साबणाच्या जाहिराती दाखवतात, असं कळल्यावर तू ओरडलीस, "मग साबन तरी दावा की!" शेवटी सिनेमातली ती बाई आणि तो माणूस अगदी जवळ आली, तेव्हा गुरुजी घसा खाकरून म्हणाले, "आता ते एकमेकांस नाताळच्या शुभेच्छा देत आहेत." मागून कुणीतरी म्हणालं, "लई येळ लागतोय की शुभेच्छांना!"

आता इतकी पुस्तकं वाचून झाल्यावर सांगते, सिनेमा कच्चाच होता. पाव भाजून विकणारी एक विधवा, शहरातून तिचं दुकान विकत घ्यायला आलेला एक घुम्या माणूस, आणि नाताळ यायच्या आत सगळं जुळलं. सासर नाही, भावकी नाही, जात कुणी विचारत नाही. बर्फ पिंजलेल्या कापसासारखा, त्यात कुणाला साधं पडसंही होत नाही. पण एक जागा खरी होती. तिच्या मेलेल्या नवऱ्याचा कोट दाराजवळच्या खुंटीवर होता. नवा माणूस घरात आला, त्यानं तो कोट पाहिला, काढला नाही, सरकवलाही नाही. आपला कोट शेजारच्या खुंटीला अडकवला. एवढं लिहिणारा माणूस कच्चा नव्हता.

तुला मात्र ते दिसलं नसेल, असं मला वाटलं. तू रडलीस ती पुढं. त्या बाईची आई तिचा हात धरून तिला भरउजेडात, घंटा वाजत असताना, सगळ्या गावादेखत देवळात नेते, तिथं तू पदरात तोंड घालून हुंदके देऊ लागलीस. मला म्हणालीस, "बरं झालं बाई. लई भोगलं व्हतं पोरीनं." मी तुझ्या मांडीला मांडी लावून बसले होते. आई, मला तिच्या नव्या नवऱ्याचा हेवा वाटला नाही. तुझ्या रडण्याचा वाटला. हे गेले तेव्हा तू माझं डोकं धुतलंस, मला जेवू घातलंस, पण माझ्यासमोर रडली नाहीस. आणि त्या परक्या गोऱ्या बाईला सगळं देऊन टाकलंस. घरी येताना सगळ्या वाटेनं मी तू काही बोलशील म्हणून थांबले. तू एवढंच विचारलंस, "सकाळला पीठ हाय का?"

संक्रांतीच्या सुमारास एकदा कामावरून आले, तर हे गेल्यापासून मी भिंतीला टांगून ठेवलेल्या ह्यांच्या स्वेटरशेजारच्या खुंटीवरची तुझी चाळण दिसली नाही. तू ती फळीवर ठेवली होतीस. मी पाहिलं तर म्हणालीस, "गंजती तिथं." भिंत कोरडी ठणठणीत होती. पण तोवर मास्तरांचं लग्न त्यांच्या गावाकडं ठरलं होतं. नवरीचं झंपर दुकानात आलं, त्याची काजं मीच केली. सुबक केली, कुठं ओढ पडू दिली नाही, आणि प्रत्येक टाक्याला तिचा राग राग केला.

त्या खुंटीबद्दल तू बोलली नाहीस, मी विचारलं नाही. तू गेल्यालाही आता फार वर्षं झाली, हा कागद धाडू कुठं? कालच्या सिनेमातही शेवटी एक आई होती. ती लेकीचा हात धरायला उठली आणि मी चहा ठेवायला आत गेले. आणि खरं सांगू? आपलं चहाचं गाळणं नेहमी हाताशी लागतं, जागा कमी पडते, तरी तुझ्या भिंतीवरची ती खुंटी मी अजून मोकळीच ठेवली आहे.