गुडघ्यावरचे डाग

ता. २१ जुलै १९४६
अनूला साताऱ्यास दाखवून आलो. उंब्रजपर्यंत बैलगाडी, पुढे मोटार. मोटारीत खिडकीशी बसून पोर खुशीत होती. तेरा वर्षांची आहे, पण कळशी घेऊन नदीचा चढ चढताना तीनदा बसते, म्हणून नेली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली ती लवकर काढली नाही. मग विचारले, "पूर्वी सांधे सुजले होते?" म्हटले, दोन वर्षांमागे, दिवाळीच्या सुमारास. "त्याआधी घसा?" होय. ताप होता, गिळवत नव्हते. पडजीभ पडली म्हणून सौ.ने मीठ लावून वर चढवली होती.

मग त्यांचे लक्ष पायांकडे गेले. "हे डाग कुणी दिले?"

मी, म्हणालो.

ता. २२
डॉक्टरांनी सांगितले ते विसरायला नको म्हणून उतरवून ठेवतो. मुलाचा घसा लाल होतो, ताप येतो, जातो. दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर. सांध्यांतून ते आपोआप निघून जाते. पण त्याच दिवसांत कधी कधी काळजातली झडप धरते. झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरते. सगळ्यांनाच होते असे नाही. तेव्हाच अंथरुणावर पाडून ठेवली असती, औषध दिले असते, तर कदाचित.

मी काय केले? भट्टीत विळा तापवून गुडघ्याला लावला. दुसऱ्या दिवशी दुखणे घोट्यात. मला वाटले, हुसकले. घोट्याला लावला, ते कोपरात गेले. आठवड्याने पोर चालू लागली. गावभर झाले, ज्ञानबा लोहाराच्या हाताला गुण आहे. मीही मानले. खंडोबाला नारळ दिला.

ता. २४
सौ. म्हणते, "आवं, कुनाला सांगू नका. काळजाच्या दुखन्याची पोर म्हनल्यावर तिला करील कोन?"

पाणी भरणे बंद, जाते बंद, मीठ कमी. घसा पुन्हा धरला तर त्याच दिवशी घेऊन या, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले. दुसऱ्या खेपेस जास्त नासते म्हणे. सकाळ-संध्याकाळ अनूला 'आ' करायला लावतो. ती म्हणाली, "आबा, मी काय बाजारातली म्हस हाय व्हय?" हसलो.

ता. २७
भात्याला वारा पुरेना. उघडला. आतल्या झडपेचे कातडे वाळून मुडपले होते, फटीतून फूस् फूस् वारा मागे. नवे कातडे बसवले. अर्ध्या तासाचे काम.

नंतर कितीतरी वेळ भाता ओढवेना.

ता. ३०
अनूनंतर गुण आहे म्हणून आणखी दोन पोरांना डाग दिले होते. एक वरच्या आळीतला, आता चांगला धावतो. दुसरी शेवंता. गेल्या उन्हाळ्यात धाप लागून गेली. बाहेरची बाधा म्हणाले सगळे. मीही तेच म्हणालो होतो.

आज देवापुढे बसलो, पण काय मागावे ते सुचेना.

ता. २ ऑगस्ट, नागपंचमी
पोरी वडाखाली फेर धरत होत्या. अनू दारातून बघत होती.

शेजारच्या सगुणाकाकी नातीला कडेवर घेऊन आल्या. रखमा, सात वर्षांची. गुडघा टम्म. "पंधरा दिसामागं घसा धरला हुता, ज्ञानबा. आता ह्ये बघ. जरा विळा लाव की."

म्हणालो, "काकी, आज पंचमी. आज भट्टी न्हाई पेटत." "व्हय की, इसरलेच," म्हणाल्या आणि परत गेल्या.

सण आडवा आला म्हणून सुटलो. उद्या काय आडवे घालू? त्या पोरीला पाय टेकवू देऊ नका, एवढे तरी सांगायचे होते. तेही सांगितले नाही.

ता. ३
सकाळीच काकी नातीला घेऊन आल्या. सूज घोट्यात उतरलेली. म्हणालो, "डाग न्हाई देत. साताऱ्याला न्या. काळजाला धरतंय ह्ये."

"सोताच्या पोरीला चालतंय, माझ्या नातीला न्हाई? लय मोठा झालास रं."

"काकी, माझं चुकलं हुतं."

"काय चुकलं? चालती की तुझी पोर."

सौ. दाराआडून खुणावत होती, नको. तेवढ्यात अनू बाजेवरून म्हणाली, "सगुणाआजी, हिकडं ये. हिथं हात ठेव." तिने काकींचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. काकी थोडा वेळ तशाच उभ्या. मग निखाऱ्याला लागल्यासारखा हात काढून घेतला.

"पिसाळल्यावानी उडतंय की गं."

"आबांनी डाग दिल्यावरबी ऱ्हायलंच ते," अनू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

सौ. आत जाऊन रडली. मी गाडी जुंपली.

ता. ५
रखमाला साताऱ्यास दवाखान्यात ठेवून घेतले. डॉक्टर म्हणाले, काळजाचा आवाज अजून साफ आहे, पण अजून काही सांगता येत नाही. सहा आठवडे पाय खाली टेकवायचा नाही. काकी म्हणाल्या, "शेतातली भांगलन ऱ्हाऊ दे, मी बसते उशाला." माझ्याशी बोलल्या नाहीत. निघताना मात्र, "अनूला जप."

गावात कळले आहे. पाणवठ्यावर सौ. आली की बायका गप्प होतात.

ता. ९
सकाळी 'आ' करायला लावले. अनूने तोंड उघडले नाही. मग हळूच म्हणाली, "आबा, कालपासनं गिळताना टोचतंय. तुमी भ्याल म्हनून बोलले न्हाई."

कपाळ गरम आहे. घसा लाल दिसतो, की मलाच तसा दिसतो, कळत नाही. सौ.ने मिठाची वाटी आणली होती, न बोलता परत नेली. देवाचा भंडारा अनूच्या कपाळाला लावला. बाहेर बैल जुंपून उभे आहेत. एवढे लिहून साताऱ्यास निघतो.