अर्ध्या किमतीची सायकल

वडगाव, बेळगाव
५ जानेवारी २०२५

ति. आप्पांस,

उपासनाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या कानाचं यंत्र पुन्हा बंद पडलं आणि मोबाईलवर आलेलं कोण कोण वाचतं याचा तुम्हाला भरवसा नाही, म्हणून पत्रच लिहिते. मोठ्या आईला गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका म्हणावं. मी फिजिओथेरपिस्ट असून माझ्याच घरातलं माणूस माझं ऐकत नाही. इथं मागावर बसून खांदे धरलेले लोक मात्र सांगितलेलं सगळं निमूट करतात.

आता मुख्य बातमी. उद्यमबागेत नागेंद्र म्हणून एक जण आहेत. त्यांनी कार्बनच्या रेसिंग सायकलींचा धंदा नव्यानं सुरू केलाय. त्यांची एक सायकल त्यांनी मला महिनाभर चालवून बघायला दिली आहे. आप्पा, काय दिसते! पात्यासारखी चपटी, एकही वायर बाहेर नाही, हँडल एकसंध. वारा अंगावर न घेता बाजूला सारावा अशी तिची घडण आहे. अशा सायकली आपल्यासारख्यांनी दुकानाच्या काचेतून बघायच्या; ही मात्र इतरांच्या निम्म्या किमतीत मिळणार आहे. फेब्रुवारीत निपाणीला शर्यत आहे. तिथं सगळ्यांसमोर मी सायकल कशी वाटली ते सांगायचं, एवढीच त्यांची अट.

तुम्ही आता चष्मा पुसून हे वाक्य पुन्हा वाचणार, मला ठाऊक आहे. शंका नागेंद्र अण्णांवर घ्या, माझ्यावर माया असू द्या.

तुमची,
उपासना


निपाणी
१० जानेवारी २०२५

चि. उपासना हिस,

अ. उ. आ. आणि जयभीम.

पत्र पावलं. वाक्य दोनदा नाही, चारदा वाचलं. मी कोर्टात शिरस्तेदार होतो. जन्मभर साक्षीदारांची तोंडं बघितली. निम्म्या किमतीत चांगला माल देणारा माणूस त्या पिंजऱ्यात कधी उभा राहिलेला मला आठवत नाही.

बेळगावात एवढी शर्यतवाली पोरं असताना तूच का? तुझं नाव पेपरात येतं, लहान पोरी तुझं बघून सायकल घेतात, म्हणूनच ना? मग तो सायकल तपासायला देतोय की तुझा शब्द विकत घेतोय? आणि तुझ्याआधी ती कुणी चालवली? हे तू विचारलंस का? नसशील. तुझा बाप, माझा धाकटा भाऊ, असाच होता. कुणी हसून बोललं की भुलायचा.

तुझी मोठी आई म्हणते, पोरगीला सुखानं दोन दिवस चालवू द्या की, सगळ्यातच काय मेलं किडं शोधता. ती व्यायाम करते असं सांगते. मला तेही खरं वाटत नाही.

उतारावर जपून. उत्तर लगेच धाड. आमचा जीव तुझ्यात आहे, तो टांगता ठेवू नकोस.

तुझा,
भीमसेन आप्पा


वडगाव, बेळगाव
१९ जानेवारी २०२५

ति. आप्पांस,

सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रागावले, मग विचारात पडले.

सायकल खरंच चांगली पळते. रविवारी क्लबाबरोबर काकतीवरून हत्तरगीपर्यंत गेले. सपाटीवर मी पुढं आणि पोरं मागं धापा टाकत. चढावर थोडी जड वाटते. आडवा वारा आला की पुढचं चाक ढकलल्यासारखं होतं, पण सवयीनं सावरता येतं. इथवर सगळं मी आनंदानं सांगितलं असतं.

पण चढावर उभं राहून हँडल ओढलं की हाताखाली टिक असा आवाज येतो. नागेंद्र अण्णांना सांगितलं तर म्हणाले, आतल्या वायरी हलत्यात, काय न्हाय त्यात. त्यांनी काहीतरी आवळलं. दोन फेऱ्या आवाज गेला, मग परत आला. शिवाय डाव्या ब्रेकच्या मुठीवर खरचटल्याची खूण आहे आणि तिच्यावर काळा रंग चोपडलाय. विचारलं तर म्हणाले, पेटीतून काढताना लागलं असणार. हे बोलताना ते माझ्याकडं न बघता सायकलीकडं बघत होते. आता तुम्हीच मला असं बघायला शिकवलंत.

त्यातच क्लबातली नीलम सहज बोलून गेली, की दिवाळीच्या आसपास हीच सायकल बोरगावच्या सौरवकडं होती आणि तेव्हापासून तो क्लबात आलाच नाही. नागेंद्र अण्णा सौरवचं नावही कधी काढत नाहीत. फोन केला तर सौरव उचलत नाही. आप्पा, बोरगाव तुमच्या जवळ आहे. जाऊन याल का? पण जरा हळू आवाजात विचारा.

माया आहेच, ती थोडी सांभाळून खर्च करा.

तुमची,
उपासना


निपाणी
२४ जानेवारी २०२५

चि. उपासना हिस,

अ. उ. आ.

बोरगावला जाऊन आलो. हळू आवाजात विचारलं असं मला वाटत होतं, पण गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली, म्हणजे तसं नसावं.

सौरव घरीच होता. डावा हात नीट वर जात नव्हता. मी सायकलीचं विचारलं. त्यानं कागदावर लिहून दिलं, की मोटरसायकलवरून पडलो. मी विचारलं कुठं, तर लिहिलं निपाणीत. कुठल्या रस्त्यावर, तर पेन थांबलं. खोटं बोलणाऱ्याला गाव आठवतं, रस्ता आठवत नाही. मी चहा घेतला आणि उठलो.

त्याची आई, राजाबाई, मला बसपर्यंत सोडायला आली. बस दिसली तसं तिनं माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं. पोरगा तवंदीच्या घाटात पडला. उतारावर हँडल मोडून त्याच्या हातात आलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय.

मी म्हटलं, तो नागेंद्र दमदाटी करतो काय? तर ती म्हणाली, न्हाय हो आप्पा, लई चांगला माणूस. पोरगा दवाखान्यात असताना रोज यायचा, उशाशी बसायचा, एकदा तर माझ्यासमोर रडला. पोरानंच त्याला शब्द दिला, की कुणाला बोलणार न्हाय.

उपासना, हे मला उलगडत नाही. लबाड माणूस मी ओळखतो. रडणारा लबाड मला नवा आहे. तू मात्र त्या सायकलीवर पाय टाकू नकोस. वाद घालू नकोस, कारण विचारू नकोस, नेऊन परत कर आणि घरी ये. तुझ्या मोठ्या आईला, सायकल चालवू नको एवढंच तुला फोनवर सांगायला लावलं, कारण सांगितलं नव्हतं, तरी ती सकाळपासून फोन हातात घेऊन बसली आहे.

तुला काही झालेलं सोसायचं वय आता आमचं नाही, एवढं ध्यानात धर.

तुझा,
भीमसेन आप्पा


वडगाव, बेळगाव
२९ जानेवारी २०२५

ति. आप्पांस,

सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र पोचेल तोवर उद्याची सकाळ उलटून गेलेली असेल. तरी लिहिते, कारण मोठ्या आईला फोनवर घाईघाईत अर्धंच सांगता आलं.

तुमचं ऐकलं नाही. सायकल परत केली, पण गप्प राहून नाही. आज दुपारी नागेंद्र अण्णांच्या शेडमध्ये गेले आणि म्हटलं, हँडलवर गुंडाळलेली पट्टी माझ्यासमोर सोडा. ते म्हणाले, उगीच कशाला. मी म्हटलं, इथं सोडा, नाहीतर निपाणीत सगळ्यांसमोर सौरवचं नाव घेते. ते खुर्चीत बसले.

मग बोलले. सौरवचं हँडल मोडलं तेव्हा माल पाठवणाऱ्यानं सांगितलं, की पोरानं स्वतःच बोल्ट जास्त आवळला असणार. अण्णांनी ते मानलं. म्हणाले, उपासना, मला ते खरं मानायचंच होतं. घर गहाण टाकून हा धंदा उभा केलाय. सौरवनं दुसऱ्या दिवशीच सांगितलं होतं, की त्यानं बोल्टला हातसुद्धा लावलेला नव्हता. तरी त्यांनी त्याच मालातलं दुसरं हँडल त्याच सायकलीला बसवलं आणि ती माझ्या हातात दिली. सायकल चांगलीच आहे हे माझ्या तोंडून ऐकलं की त्यांच्या मनातली भीती जाईल, असं त्यांना वाटलं होतं.

पट्टी सोडली. हँडल जिथं मधल्या जाड भागाला मिळतं, तिथं केसाएवढी चीर होती. सौरवचं मोडलं ते तिथंच. मी तिच्यावर बोट फिरवून बघितलं.

सायकली काही जणांना आधीच विकल्यात, आप्पा. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता एकेकाला फोन करा. ते म्हणाले, धंदा बसंल. मी म्हटलं, बसू दे. त्यांनी फोन केले, माझ्यासमोर, प्रत्येकाला खरं कारण सांगून. सगळे मिळाले, एक सोडून. कोगनोळीची प्रियदर्शनी, कॉलेजातली पोरगी. तिचा फोन बंद, वडिलांचाही लागेना. ती रोज सकाळी तवंदी घाटात सराव करते.

नागेंद्र अण्णा पहाटेच गाडीनं निघणार आहेत, पण बेळगावाहून पोचायला वेळ लागेल. मी इथल्या लोकांकडं घरोघर जाऊन सायकली बाजूला ठेवायला लावणार आहे. म्हणून मोठ्या आईला फोन केला. ती म्हणाली, ह्यांनी आत्ताच चप्पल शोधायला घेतली.

आप्पा, रस्त्याच्या कडेनं उभे राहा. ट्रकांचे हॉर्न तुम्हाला ऐकू येत नाहीत. तुम्ही सुखरूप परतलात की मगच माझ्यावर रागवा.

तुमची,
उपासना


निपाणी
३१ जानेवारी २०२५

चि. उपासना हिस,

अ. उ. आ. आणि जयभीम.

नागेंद्रानं तुला थोडं सांगितलं असेल. तो यायच्या आधीचं मी सांगतो, कारण ते बघायला माझ्याशिवाय ओळखीचं कुणी नव्हतं.

उजाडायच्या सुमारास रिक्षा करून घाटाच्या माथ्यावर गेलो. धुकं होतं. थंडीनं दात वाजत होते. काळी सायकल आणि लाल हेल्मेट, एवढीच खूण तू फोनवर दिली होतीस. पोरगी चढ चढून आली, वळली आणि उतरायच्या तयारीत खाली वाकली. मी दोन्ही हात पसरून तिच्यापुढं गेलो. कडेनं नाही, मधेच. तुझं पत्र तेव्हा मिळालेलं नव्हतं.

ती थांबली. काहीतरी जोरात बोलली. मी म्हटलं, हँडल मोडंल, उतरू नकोस. तिला वाटलं, म्हातारा धमकावतोय. खरंच, तिनं काय समजावं? आडरस्त्याला अनोळखी माणूस, कान बंद, आवाज मोठा, आणि सायकल दोन्ही हातांनी धरलेली. तिनं माझ्या मनगटावर बाटली हाणली. मी सोडलं नाही. दोन ट्रकवाले थांबले. एकानं माझी कॉलर धरली. कोण कन्नडात ओरडत असेल, कोण मराठीत, मला सगळ्यांची नुसती तोंडं दिसत होती. जन्मभर मी दुसऱ्याकडं जसं बघत आलो, तसं ती सगळी माझ्याकडं बघत होती.

तेवढ्यात नागेंद्राची गाडी आली. तो धावतच आला आणि आधी त्या ट्रकवाल्याचा हात माझ्या गळ्यावरनं काढला. मग पोरीला सगळं सांगितलं. त्यानं तिथंच, रस्त्याच्या कडेला, हँडल सोडवलं. बॅटरी लावून इकडून बघितलं, तिकडून बघितलं. चीर नव्हती. कुठंच नव्हती. ट्रकवाले हसले आणि निघून गेले. मी तिथल्या दगडावर बसलो आणि मला रडू आलं. शंका खोटी ठरली म्हणून नाही. पोरगी माझ्यासमोर धड उभी होती म्हणून.

नागेंद्राला ते हँडल परत बसवता आलं असतं. अडवणारं आता कुणी नव्हतं. पण त्यानं ते एका दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं फोडलं आणि डिकीत टाकलं. मग मोबाईलवर लिहून मला विचारलं, उपासना शर्यतीत बोलेल काय? मी म्हटलं, बोलेल. फ्रेम चांगली आहे हेही बोलेल आणि सौरवचं हाड का मोडलं हेही बोलेल. त्यानं मान हलवली. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, सौरवला मी स्वतः घेऊन येतो. त्याच्या तोंडाकडं मी नीट बघितलं. खरं बोलत होता असं वाटलं. नक्की सांगत नाही.

त्या पोरीला आम्ही गाडीतून कोगनोळीला घरी सोडलं. माझं मनगट सुजलेलं बघून ती वाटेत ओशाळली होती. उतरताना तिनं मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, की तुम्ही माझे कोण लागता? मी म्हटलं, कुणी नाही, पोरी. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला आणि घरात पळाली.

तुझी मोठी आई मनगटाला हळद लावताना आधी हसली, मग रडली. शर्यतीला आम्ही दोघं येतोय. तोवर जपून राहा, आणि आमची आठवण पत्रातून काढत जा.

तुझा,
भीमसेन आप्पा