हेदरच्या लग्नाची बिअर

यॉर्क
३ जून १९७९

चि. सौ. हिल्डास अनेक आशीर्वाद.

सोमवारी तुमच्याकडून निघालो तो सुखरूप घरी पोचलो, पण तोंडातली आंबट चव लीड्स गेलं तरी जाईना. तू मला दाराशी निरोपही दिला नाहीस, त्यावरून तुला राग आलाय हे कळलं. सेड्रिकने हौसेने ग्लास पुढे केला आणि मी तो सगळ्यांदेखत तुमच्या रूबार्बच्या वाफ्यात ओतला, हेच ना? मग काय करायचं होतं? गिळायचा? हेदरचे होणारे सासूसासरे भिडेपोटी गिळत होते, ते मी पाहिलं. मिसेस इन्स्किपचा चेहरा तर पाहण्यासारखा झाला होता.

अगं, बिअर म्हणजे काय लिंबाचं सरबत आहे का? दुकानातून अर्काचा डबा आणायचा, त्यात साखरेची आख्खी पिशवी रिकामी करायची, आणि झाली म्हणे बिअर! साखरेने नशा येते, बिअरला अंग, दाटपणा येत नाही. पाण्यासारखी पातळ आणि शिळ्या सफरचंदासारखी आंबूस. आमच्या घरगुती बिअरवाल्यांच्या मंडळाच्या स्पर्धेत अशी बाटली आली तर मी परीक्षक म्हणून बूच उघडतो, वास घेतो आणि पुन्हा लावतो.

गिरणी बंद पडल्यापासून सेड्रिकला काही उद्योग नाही, हे मला समजतं. सव्वीस वर्षं मागांवर मुकादमी केलेल्या माणसाने घरी बसायचं म्हणजे अवघडच. पण म्हणून हे पाणी लग्नात पाजणार? सप्टेंबरात मला तिथे मामा म्हणून उभं राहायचंय. मुकाट्याने तयार बिअरचं पिंप मागवा.

तब्येतीला जप. तुझ्यावर रागावलेलो नाही.

तुझा दादा,
होरेस

टॉडमॉर्डन
९ जून १९७९

ती. दादास सा. न. वि. वि.

माझ्यावर रागावला नाहीस, हे वाचून मी धन्य झाले.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक. कोठीतल्या सगळ्या बाटल्या सेड्रिकने मोजून मागच्या भिंतीशी ओळीने लावल्या आणि वर पोतं टाकलं. तेव्हापासून तिकडे फिरकला नाही. नाताळला गिरणी बंद झाली तेव्हा तो तीन महिने खिडकीशी बसून होता. मार्चात ती बालदी आणली आणि माणूस पहाटे उठून त्यात डोकवायला लागला, फेस आला का बघायला. मला म्हणाला होता की मुलीच्या लग्नात आपल्या हातचं काहीतरी असावं, एवढंच. आता परत खिडकी आहेच.

तू पोस्टात मोठा साहेब होतास, यॉर्कात तुझं मंडळ आहे, तू वास घेऊन बूच लावतोस, सगळं मान्य. पण पाहुण्यांसमोर यजमानाचा ग्लास ओतणारा माणूस मी आमच्या गल्लीत अजून पाहिलेला नाही, आणि आमच्या गल्लीत काही फार सज्जन राहतात अशातला भाग नाही. आई असती तर तिने तुला त्या वाफ्यातच उभं केलं असतं.

पिंप आम्ही मागवणार नाही. एवढं कळतं तर काय चुकलं ते नीट सांग. नाक उडवायला अक्कल लागत नाही.

हेदर बरी आहे. तिने तुला नमस्कार सांगितलेला नाही.

तुझी बहीण,
हिल्डा

यॉर्क
१४ जून १९७९

चि. सौ. हिल्डास आशीर्वाद.

सोबत पुडकं पाठवतोय. पांढरी भुकटी आहे, दुधाच्या पावडरीसारखी. सेड्रिक चहात टाकायच्या आत सांगतो, ही माल्टची भुकटी, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचाच सुकवलेला अर्क. डब्यावर जिथे साखर घाला म्हणून छापलंय, तिथे साखरेला हातही न लावता ही घालायची. दोन पौंड साखर असेल तर ही अडीच पौंड घ्या, कारण हिच्या सगळ्याचीच दारू होत नाही; जे उरतं तेच बिअरचं अंग. महाग पडते. चांगल्या गोष्टी पडतात.

सेड्रिकसारखे धांदरट लोक ती सरळ वाफेवर धरतात आणि मग दगड झाला म्हणून रडत बसतात. ज्यांना मेंदू आहे ते आधी थंड पाण्यात कालवून घेतात, मग उकळतात. उकळताना भांड्यापासून हलायचं नाही, हे लहान मुलालाही कळेल. बाटल्या भरल्यावर निदान तीन आठवडे धीर धरायचा. हे सेड्रिकला जमेल असं मला वाटत नाही, पण बहिणीसाठी माणूस काय काय करतो.

होरेस

टॉडमॉर्डन
८ जुलै १९७९

ती. दादास सा. न. वि. वि.

पुडकं पोचलं. तुझं पत्र सेड्रिकच्या हाती देण्यासारखं नव्हतं, म्हणून टोमणे गाळून कृती तेवढी माझ्या अक्षरात उतरवली. पानभर पत्राच्या चार ओळी झाल्या. चार दिवस त्याने त्या कागदाकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी उठला आणि भांडं चुलीवर ठेवलं.

आता माझी फजिती ऐक. थंड पाण्याची गोष्ट तू टोमण्यातच कोंबली होतीस, ती टोमण्याबरोबर माझ्याकडून गळली. त्याने पुडकं वाफेवर उघडलं मात्र, सगळ्या भुकटीचा चिक्कीसारखा गोळा झाला. चमचा उभा राहिला, वाकला, तुटला. उरलेलं उतू जाऊन चुलीखाली गेलं. माझे बूट अजून फरशीला चिकटतात.

मला वाटलं, संपलं. पण तो म्हणाला की होरेसच्या पत्रात एवढंच असणार नाही, होरेस चार ओळींत थांबणारा माणूस नव्हे. मग मला शिवणाच्या डब्यातून तुझं पत्र काढून द्यावं लागलं. त्याने ते उभ्यानेच वाचलं, धांदरट, मेंदू, लहान मूल सगळं. दोनदा वाचलं. मग म्हणाला, माणूस शिष्ट आहे, पण भुकटीचं बरोबर सांगतोय. आणि बसने हॅलिफॅक्सला जाऊन नवं पुडकं घेऊन आला.

आता कोठीत तीन बालद्या आहेत आणि मला आत शिरायची बंदी आहे. लग्नाला ये. पण तोंड सांभाळणार असशील तरच.

हिल्डा

यॉर्क
१८ सप्टेंबर १९७९

चि. सौ. हिल्डास अनेक आशीर्वाद.

शनिवारी समारंभ ठीक झाला. हेदर छान दिसत होती. क्रिकेट क्लबचा हॉल कोंदट होता आणि इन्स्किपचं भाषण लांबलं.

बिअरबद्दल तू मुद्दाम विचारलं नाहीस, म्हणून लिहितो. रंग बरा. अंग होतं. इन्स्किपने चार ग्लास घेतले, पण तो काय, काहीही पितो. फेस मात्र टिकला नाही. दोन घोटांत ग्लास टकला. त्याकडे लक्ष द्यायला हवं. मी तीन घेतले ते तपासण्यासाठी, हे सेड्रिकला सांग. आमच्या टेबलावर दोघातिघांनी कुणाची कृती म्हणून विचारलं, तेव्हा भुकटी मीच पाठवल्याचं मी सांगितलं. खोटं काय त्यात? मग सेड्रिकने उभं राहून सगळ्यांसमोर माझे आभार मानायची काही गरज नव्हती. माणसाला कुठे बघावं कळत नाही.

होरेस

टॉडमॉर्डन
२३ सप्टेंबर १९७९

श्री. होरेस यांस स. न. वि. वि.

पत्र हिल्डाला आलं, पण उत्तर मी लिहितोय. मला पत्रांची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

फेसाचं तुमचं बरोबर आहे. भुकटीचा दोष नव्हता. हॉलवरचे ग्लास क्लबातल्या बायकांनी साबणाने धुतले आणि नीट खंगाळले नाहीत. ग्लासाला साबण राहिला की बिअरचा फेस मरतो. घरी तीच बिअर ओतली तर फेस शेवटच्या घोटापर्यंत टिकतो.

आभार मी चेष्टेने मानले नाहीत. गिरणीतले माझे चार सोबती हल्ली गुरुवारी येतात, त्यांनाही मी आता भुकटीच वापरायला सांगतो. त्यातल्या एकाने साखर परवडते म्हणून हट्ट धरला, तेव्हा त्याला मी त्याच्या बाटलीशेजारी माझी बाटली उघडून दिली. नाक उडवलं नाही. त्याचं त्याला कळलं.

एक गोष्ट मात्र मे महिन्यापासून सांगायची राहिली आहे. त्या सोमवारी तुम्ही वाफ्यात ओतलीत ती बिअर ओतायच्याच लायकीची होती. मी तुमच्याआधी चाखली होती, मला माहीत होतं. पण ती माझी होती, होरेस. ओतायचीच होती तर मी ओतली असती.

याल तेव्हा घर तुमचंच आहे. जिव्हाळा आहे तो राहू द्यावा.

आपला,
सेड्रिक