हॅमार्शिया आणि माझा नेम

५ ऑक्टोबर २०२५, रविवार
मी, गुरुनाथ बिवलकर, बी.कॉम., वय छप्पन्न, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स. बावीस वर्षे एका विमा कंपनीच्या कम्प्लायन्स विभागात आहे. म्हणजे इतरांनी नियम पाळले की नाही, हे मी पाहतो. ही रोजनिशी एकाच हेतूने सुरू करत आहे. ८ नोव्हेंबरला मराठी मंडळाच्या अभ्यासवर्गात मी जे सिद्ध करणार आहे, त्याची पूर्वतयारी येथे नोंदली जावी.
विषय: ग्रीक शोकांतिकांतील नैतिक प्रश्न. वक्ता: आश्लेषा बिवलकर, जर्सी सिटी. माझी मुलगी. विम्याच्या गणिताच्या, म्हणजे ॲक्च्युअरीच्या परीक्षा अर्ध्यावर टाकून तिने ग्रीक तत्त्वज्ञान घेतले, तेव्हापासून माझा नेम आहे: तिने आधी फोन करून चूक कबूल करावी, मग मी बोलेन. चौदा महिने झाले. नेम अभंग.

७ ऑक्टोबर, सकाळी ६.१०
लायब्ररीतून तीन नाटके आणली. तिच्याच विषयाच्या आधारे तिला निरुत्तर करायचे, असा बेत शोभनाला सांगितला. पत्नी या नात्याने उत्तेजन अपेक्षित होते. मुलगी इतक्या दिवसांनी गावात येतेय, तिला हरवायचं कशाला, जेवायला बोलवा की, असे ती म्हणाली. या घरात मुद्द्याला धरून बोलणारा मी एकटा.

१२ ऑक्टोबर, रविवार
तिन्ही वाचून झाली. तिन्हींचा सांगाडा एकच. राजा हुकूम काढतो. घरातलेच माणूस तो मोडते. राजा शिक्षा करतो. शेवटी राजवाड्यात राजा सोडून कोणी उरत नाही.
माझे मत: राजाची भूमिका आरंभापासून सुसंगत आहे. अंमलबजावणी ढिली. कोरस नावाचा म्हाताऱ्यांचा एक घोळका त्याला वारंवार ‘जरा सबुरीनं घ्या’ म्हणत राहतो. आमच्या मंडळाच्या कमिटीची आठवण झाली.
शोभनाने विचारले, मग शेवटी राजा जेवतो कोणाबरोबर?
हे नाटकांत दिलेले नाही.

२१ ऑक्टोबर, दिवाळी
आश्लेषाचा फोन आला. शोभनाच्या मोबाइलवर, म्हणून धरता येत नाही. मी शेजारच्या खोलीत होतो. दार हवेसाठी उघडे ठेवले होते. बाबा काय करतात, असे तिने विचारले असावे, कारण शोभना म्हणाली, तुझा अभ्यास करतायत. मग दोघी बराच वेळ हसल्या. हसण्यासारखे यात काय होते, हे कळले नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
मंडळाचे अध्यक्ष डॉ. राजीव यांनी अभ्यासवर्गाचे हँडआउट पाठवले. हृदयाचे डॉक्टर, निवृत्त. इतर बाबतींत अघळपघळ मनुष्य. परंतु हे हँडआउट नेटके आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.
पहिला प्रश्न: माणूस जाणूनबुजून वाईट वागतो का? अथेन्समध्ये एक मत असे होते की नाही. खरे हित ज्याला कळले तो तसाच वागतो, चुकतो तो अज्ञानाने. हास्यास्पद. बावीस वर्षांत अज्ञानाने चुकलेला एकही इसम मला भेटलेला नाही. सगळ्यांनी ट्रेनिंगच्या फॉर्मवर सही केलेली होती.
पण दुसरी ओळ! ‘हॅमार्शिया: शोकनायकाच्या नाशाचे मूळ. शब्दशः अर्थ, नेम चुकणे.’
खुर्चीतून उठलो. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक माझ्या बाजूने आहेत. नेम चुकला की नाश. ज्याने नेम चुकवला नाही, तो निर्दोष. चौदा पाने लिहिली.

१ नोव्हेंबर, शनिवार
राजीव यांचा फोन. गुरुनाथराव, प्रश्न विचारायचाय की खटला भरायचाय? पाच मिनिटं मिळतील, यार. मी म्हणालो, सत्याला वेळेची मर्यादा नसते. ते म्हणाले, लायब्ररीच्या हॉलला असते.
छप्पन्नाव्या वर्षी मला ‘यार’ म्हणणारा हा कोण?

८ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४५
तथ्ये तेवढी नोंदवतो.
माझी पाळी आली तेव्हा आश्लेषा इंग्रजीत म्हणाली, मागच्या रांगेतले गृहस्थ. मी उभा राहिलो. नेम म्हणजे नियम, व्रत, निश्चय. तो मोडणे हेच शोकांतिकेचे मूळ. तस्मात नेम पाळणारा पिता आणि परीक्षा मोडणारी कन्या यांत दोषी कोण, असे विचारले. चौथ्या पानावर होतो.
पुढच्या रांगेतून मंडळाच्या सुमित्राकाकू मोठ्याने म्हणाल्या, अहो, कॅरमचा नेम हो! संकष्टीचा नव्हे!
सगळे हसले. राजीव तर टेबलावर हात आपटून.
आश्लेषा हसली नाही. तिने सांगितले की ग्रीकमध्ये हा शब्द बाण किंवा भाला फेकणाऱ्याचा; निशाणा हुकणे. माणूस वाईट नसतो, जोरही कमी नसतो, फक्त भलतीकडे रोखलेला असतो. हँडआउट तिनेच लिहिले होते. मराठी शब्द सुचत नव्हता, मग आठवलं, ‘नेम धर, घाई करू नकोस’ असं बाबा कॅरम बोर्डवर म्हणायचे, असे ती मराठीत म्हणाली. माझ्याकडे पाहून.
उर्वरित दहा पाने वाचली नाहीत. वेळ संपला होता.

९ नोव्हेंबर, रविवार
खुलासा: शब्द द्व्यर्थी होता. कोणत्याही काटेकोर दस्तऐवजात व्याख्या आधी देतात.
आश्लेषा राजीव यांच्याकडे उतरली होती. शोभना डबा घेऊन निघाली. चला, म्हणाली. मी नेमाची आठवण दिली. ती म्हणाली, सोमवारी, सतरा तारखेला ती अथेन्सला चाललीये, दीड वर्षासाठी; तुमचा नेम घाला चुलीत.
दीड वर्षाचे मला कोणी कळवलेले नव्हते.

१२ नोव्हेंबर, बुधवार
नेमाला परिशिष्ट जोडता येईल का, याचा विचार केला. प्रवासाच्या आदल्या दिवशी सवलत, इत्यादी. मसुदे तीन. तिन्ही फाडले. शोभना बोलत नाही. राजीव यांनी ईमेलने कॅरमचे चित्र पाठवले. उत्तर दिले नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळी १०.२०
फोन केला.
तिने पहिल्याच रिंगला उचलला. बाबा? काय झालं? आई ठीक आहे ना?
पाच मुद्दे लिहून समोर ठेवले होते. एकही वाचता आला नाही. मी म्हणालो, चुकून लागला.
ती म्हणाली, लागला ना पण.
मी विचारले, तिथे थंडी असते का? असते, म्हणाली. स्वेटर घे, म्हणालो. ओके, बाबा, आय हॅव टु पॅक, म्हणाली.
एकंदर बोलणे: एक्केचाळीस सेकंद. चूक तिने कबूल केलेली नाही. मीही विचारले नाही.
स्वयंपाकघरातून शोभनाने हाक मारून विचारले, कोणाशी बोलत होता?
राँग नंबर, म्हणालो.

गुरुनाथ बिवलकर
श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
१६ नोव्हेंबर २०२५