‘नको’चं बटण

विठ्ठलवाडी,
शनिवार, १४ जून २०२५

चि. प्रियांका,

दादा-वहिनींना माझा सप्रेम जय भीम सांग, आणि तुला पोटभर आशीर्वाद.

मी इकडे मजेत आहे. पाणी एक दिवसाआड येतं, पण आलं की पुरतं. शेजारच्या सगुणाने माझ्या खिडकीत मिरचीची कुंडी आणून ठेवली आहे, आणि मिरच्या तोडायला तीच येते. तुला पत्र बघून हसू येईल. फोनच केला असता, पण तू मध्ये मध्ये बोलतेस, आणि जन्मभर वर्ग सांभाळलेल्या बाईला ते खपत नाही. सगुणाचा जावई उद्या तुमच्या वर्तकनगरला येतोय, त्याच्या हाती हे देते. सोमवारच्या तुझ्या मिटिंगच्या आत तुला मिळायला हवं. अक्षर जरा वाकडं दिसेल. पेन बरं नाही.

पौर्णिमेला विहारात मी खीर वाढायला उठले नाही म्हणून वहिनी रुसली आहे, हे माझ्या कानावर आलंय. तिला सांग, माझा रागबिग काही नाही. गुडघा दुखत होता.

आता मुद्द्यावर येते. बुधवारी तू फोनवर म्हणालीस, “आत्या, चाचणीत बाकी सगळ्यांचे हसरे चेहरे आलेत गं. तुझा एकटीचा लाल आहे. आणि कारण पण नाही लिहिलंयस. कारण नसेल तर तो तसाही बाद होणार. मी ‘सवय नव्हती’ असं टाकते आणि पिवळा करून घेते. चालेल ना?” मी “बघते” म्हणाले आणि फोन ठेवला. बघितलं. चालणार नाही.

रागावू नकोस. आधी नीट वाच. त्या दिवशी तू काचेच्या पलीकडे होतीस आणि मी अलीकडे, तेव्हा अलीकडून काय दिसलं ते तुला कुणीतरी सांगायलाच हवं.

तू बोलावलंस म्हणून मी हौसेने आले. ठाण्यात खोपटच्या स्टँडवर उतरून रिक्षा केली, इस्त्रीची साडी नेसले होते. आपल्या प्रियांकाच्या कंपनीने नवी ऑपरेटिंग सिस्टीम केली आहे आणि बाजारात यायच्या आधी ती आपल्यासारख्यांना वापरायला देणार आहेत, हे मी अख्ख्या चाळीला सांगून आले होते. तुमच्या कॉलनीतले सगळे आधीच हजर होते. तुझे ते परशुरामकाका, एसटीतून रिटायर झालेले, डोक्याला तेल लावून मुलाखतीला आल्यासारखे बसले होते.

तू सगळ्यांना सांगितलंस, “वापरताना मनात येईल ते मोठ्याने बोला. आणि मला काही विचारू नका हां, समजा मी इथे नाहीच.” आता परशुरामकाकांच्या मनात काय येतं? मी बाजूच्याच खुर्चीवर होते. ते फोटो शोधता शोधता मोठ्याने म्हणाले, “काल शेजारच्या वहिनींकडची सुरळीची वडी एक नंबर होती.” तुमच्या त्या टिपणं घेणाऱ्या मुलीने तेसुद्धा लिहून घेतलं. मला हसू आवरेना.

माझी पाळी आली. जे चांगलं आहे त्याला मी चांगलंच म्हणणार. मराठी फार सुरेख उमटतं, जोडाक्षरं तुटत नाहीत. चित्रं स्वच्छ दिसतात. तू केलेलं काम आहे हे कळत होतं आणि छाती भरून येत होती. मला एक पत्र लिहून ते जपून ठेवायचं होतं. लिहिलं. मग ते ठेवायच्या खुणेवर माउसने बाण नेला, तो घसरला. पुन्हा नेला, पुन्हा घसरला. दोन खुणा सोडून तिसरंच काहीतरी उघडलं.

आणि मग पडदा मंद झाला, बासरी वाजली, आणि अक्षरं आली: ‘तुम्हाला मदतीची गरज आहे असं वाटतं. घरातल्या विश्वासू व्यक्तीचा नंबर द्या.’ खाली एकच बटण, ‘ठीक आहे’.

मी ‘नको’ शोधलं, प्रियांका. वर पाहिलं, खाली पाहिलं, कोपऱ्यातली ती फुली शोधली. कुठेच नाही. मी काचेकडे बघून विचारलं, “प्रियांका, नको कुठे म्हणायचं?” तू काही बोलली नाहीस. नियमच तो, मला मान्य आहे. पण ज्या पोरीला मी बोट धरून पाटीवर ‘ग’ गिरवायला शिकवलं, ती काचेमागे दगडासारखी बसली आहे, हे मला लागलं. लागलं म्हणून सांगते.

शेवटी मी सुमितचा नंबर दिला. नंतर कळलं की बाकी सगळ्यांनी मनाला येईल तो नंबर ठोकून दिला होता. तू तसं सांगितलंही असशील, मी ऐकलं नसेन. विश्वासू व्यक्ती विचारली, मी मुलाचा नंबर दिला, एवढं सरळ आहे माझं डोकं.

क्षणात माझं पत्र गायब झालं. पडद्यावर चार भली मोठी बटणं आली: फोन, फोटो, औषधं, मदत. मी पत्र लिहायला बसले होते, औषधं मागितली नव्हती. पत्र परत कसं मिळवायचं तर म्हणे, विश्वासू व्यक्तीची परवानगी लागेल. माझं पत्र, माझे शब्द, आणि परवानगी सुमितची! त्या सुमितची, ज्याला मी माझ्याच वर्गात गणितात नापास केलं होतं.

म्हणून मी लाल चेहरा दाबला. आणि कारण कोरं सोडलं. ते का कोरं सोडलं, त्याच्याकडे मी येतेच आहे. पण आधी तुझ्या त्या हसऱ्या चेहऱ्यांचं सांगते, कारण ते कुणीच तुला सांगणार नाही.

चहाच्या वेळी मी परशुरामकाकांना विचारलं, “तुम्हाला बरं जमलं सगळं?” ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “अहो कसलं जमतंय ताई! मला तर फोटोच सापडला नाही. पण हसरा दाबला मी. आपल्या घरातली पोरगी आहे, तिचं नुकसान कशाला करायचं?” बाजूच्या दोघी बायकांनी मान डोलावली. एकीने तर न वापरताच हसरा दाबून टाकला होता, तिला नळाला पाणी यायच्या आत घरी पोचायचं होतं.

हे आपलं असं आहे बघ. तू चहा दिलास, खारी दिलीस, वाकून नमस्कार केलास, आता तुझ्या तोंडावर वाईट कोण बोलेल? भीड भिकेची बहीण, म्हणतात ते खोटं नाही. ते सगळे चेहरे तुझ्याकडे बघून हसले आहेत, गं. तुझ्या सिस्टीमकडे बघून एकच चेहरा केला गेला, आणि तोच तू पुसायला निघाली आहेस.

आता कारण.

त्याच संध्याकाळी सुमितचा पुण्याहून फोन आला. “आई, मला मेसेज आलाय. ‘शालन यांच्या हाताच्या हालचालींत बदल जाणवतो आहे, त्यांच्याशी संपर्क साधा.’ हे काय आहे?” तुमच्या त्या चाचणीतला मेसेज खरोखर गेला होता. मी हसून म्हणाले, “अरे, प्रियांकाच्या ऑफिसची टेस्ट होती ती. खोटे मेसेज पाठवतात सगळ्यांना.” त्याचा विश्वास बसला. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले.

मेसेज खोटा नव्हता.

पेनाचं मी तुला वर खोटं सांगितलं. पेन चांगलं आहे. हात कापतो. उजवा. गेल्या दिवाळीत रांगोळी काढताना पहिल्यांदा लक्षात आलं, वाटलं थंडी असेल. मग चहाचा कप अर्धाच भरायला लागले. सह्या टाळायला लागले. कल्याणच्या डॉक्टरांनी त्याला नाव दिलं आहे, गोळ्या दिल्या आहेत, आणि हळूहळू वाढणार आहे हेही सांगितलं आहे. गुडघा माझा ठणठणीत आहे. खिरीचा डाव हातात धरला असता तर लोकांच्या अंगावर सांडली असती, म्हणून मी बसून राहिले. वहिनीला वाटलं नाकाने कांदे सोलते आहे. तिला आता खरं सांगितलंस तरी चालेल.

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वेळ हवा होता. आधी मला स्वतःला पटवून घ्यायचं होतं, मग शब्द जुळवायचे होते, मग एखाद्या रविवारी मुलाला जेवायला बोलावून, त्याचं पोट भरल्यावर सांगायचं होतं. आईने मुलाला हे असंच सांगायचं असतं. तुझ्या यंत्राने ते माझ्या आधी सांगून टाकलं, आणि माझ्यावर त्याच्याशी खोटं बोलायची पाळी आणली. हे मी माफ करणार नाही.

तू म्हणशील, आत्या, हे काळजीपोटी केलंय. म्हातारी माणसं फसतात, चुकीची बटणं दाबतात, त्यांच्यासाठी आहे हे. मला कळतं. पण सगुणाकडे माझ्या घराची किल्ली आहे. ती मी दिली आहे. एक दिवस मी नसताना तिने कुलूप बदलून किल्ली स्वतःकडे ठेवली असती, तर मी तिला शेजारीण म्हटलं असतं का? फरक एवढाच आहे, आणि एवढाच फरक तुझ्या मिटिंगमधल्या साहेबांना समजला पाहिजे.

तर मी दोन दिवस विचार केला. कारण लिहिलं नाही तर चेहरा बाद. कारण लिहिलं तर हात कापतो हे लिहावं लागणार, ते तू वाचणार, आणि तू सुमितला सांगितल्याशिवाय राहणार नाहीस, हे मी ओळखून आहे. गप्प बसून पिवळी झाले असते तर माझं गुपित शाबूत राहिलं असतं. पण मग कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी बाईचा बाण एक दिवस असाच घसरेल, आणि तिचं पत्र नाहीसं होईल, आणि तिला वाटेल की चूक तिचीच. ते मला सहन होईना.

म्हणून काल मीच सुमितला फोन केला आणि सगळं सांगितलं. आधी तो चिडला. मग म्हणाला, “आई, तू सामान बांध. मी रविवारी गाडी घेऊन येतो, तू इकडेच राहायचं. एकटी काय करणार तू? पडलीस तर?”

मी म्हणाले, “पडले तर उठेन. उठता नाही आलं तर सगुणाला हाक मारेन. जेवायला येत असशील तर ये, सुकटीची चटणी करते. मला न्यायला येत असशील तर रिकाम्या गाडीने परत जावं लागेल.”

“आई, हट्ट करू नको.”

“हट्टच आहे. हात कापतो, डोकं नाही. मदत लागेल तेव्हा मी मागेन. आणि तुझ्याकडेच मागेन.”

मग म्हणाला, “भाकऱ्या कोण थापणार?” मी म्हणाले, “मीच. वाकड्या झाल्या तर तशाच खा.” उद्या येतोय तो. भांडण होईल. होऊ दे, माझी तयारी आहे.

आता खालचा मजकूर जसाच्या तसा माझ्या लाल चेहऱ्याच्या पुढे टाक:

‘माझा हात आजारामुळे कापतो. त्यामुळे बाण घसरला. एवढ्यावरून तुमच्या सिस्टीमने मला न विचारता माझं काम बंद केलं, माझं लिहिलेलं काढून घेतलं आणि माझ्या मुलाला निरोप धाडला. मला मोठी खूण चालली असती. सावकाश चालणारा बाण चालला असता. पण मला कुणी विचारलं नाही, आणि नको म्हणायला जागा ठेवली नाही. जोवर ‘नको’ म्हणायचं बटण ‘ठीक आहे’च्या शेजारी, त्याच आकाराचं दिसत नाही, तोवर माझा चेहरा लाल राहील. शालन दगडू साळवे, निवृत्त शिक्षिका.’

नाव गाळू नकोस. ‘एक ज्येष्ठ महिला’ असलं काही लिहू नकोस. मला पूर्ण नाव आहे आणि ते लपवायचं कारण आता उरलेलं नाही.

यामुळे तुझं प्रमोशन अडलं तर मला वाईट वाटेल. खरंच वाटेल. तू किती खपली आहेस ते मी पाहिलं आहे, वहिनीने सांगितलंय की तुला धड जेवायला फुरसत नसते. तरीही मी हे बदलणार नाही. पेपर तपासताना मी कधी आडनाव बघितलं नाही, आणि लाडक्या भाचीसाठी ती सवय आता मोडणार नाही. मिटिंगमध्ये तुझ्या तोंडून हे वाचवत नसेल तर मला बोलाव. मी येईन आणि सगळ्यांसमोर स्वतः वाचेन. कागद थरथरेल, आवाज नाही थरथरणार.

कळावे. लोभ आहेच. संमती नाही.

तुझी आत्या,
शालन