मी नुसतं ‘सरी’ म्हणाले

७ जुलै, सोमवार

पाणी तोडलं. गच्चीवरच्या टाकीतून आमच्या मजल्याला येणारा पाइप करवतीनं कापलाय. प्लंबर यल्लाप्पा स्वतः वर जाऊन बघून आला. "फुटला नाही अक्का, कापलाय. कड बघा की, कशी सरळ आहे." कुणी कापला ते त्यानं सांगितलं नाही. जोडूनही दिला नाही! "गिरीअण्णांना विचारा," म्हणाला आणि चप्पल पायात नीट न घालताच पळाला.

गिरी म्हणजे गिरीराज, खाली राहणाऱ्या आमच्या मालकीणबाईंचा, रत्नाबाईंचा मुलगा. घर त्यांच्या नावावर, आवाज त्याचा. सतरा वर्षं आम्ही वरच्या मजल्यावर आहोत. आता त्याला इथं पीजी काढायचंय. इंदिरानगरच्या ऑफिसांतली पोरं, एका खोलीत तीन-तीन.

समोरच्या चंद्राबाईंच्या नळावरून बादल्या आणल्या. नऊ खेपा. नवरा, विद्याधर, नको म्हटलं तरी जिन्यात उभा. प्रत्येक बादली अर्ध्या जिन्यातून त्यानं वर नेली. पायऱ्या त्याला पाठ आहेत. काचबिंदूनं समोरचा माणूस त्याला आता फक्त राखाडी ठिपका दिसतो. रस्त्यावर माझा दंड सोडत नाही. पण या घरात काठीशिवाय फिरतो, चहा करतो, दाढी करतो. दुसऱ्या घरात गेलो तर... नको. आज ते लिहायला नको.

८ जुलै, मंगळवार

गिरी वर आला. ओरडेल वाटलं होतं. त्यानं शांतपणे मोबाइल काढला आणि मला माझाच आवाज ऐकवला. एप्रिलमधला फोन, त्यानं टेप केलेला.

तो म्हणतोय — "अक्का, जूनअखेर वरचं घर खाली करायचं. पीजीवाल्याला मी शब्द देतोय. सरी?"

मी म्हणतेय — "सरी, सरी."

मागे कीबोर्डचा खडखडाट. मी बातमी सोडत होते! बातमीच्या डेस्कवर तीस वर्षं गेली. फोनवरचा माणूस बोलत राहावा म्हणून मी दर वाक्याला ‘सरी’ म्हणते. निपाणीत आम्ही ‘हं, हं’ म्हणायचो तसं. होकार नव्हे तो. ऐकतेय, पुढे बोला, एवढंच. त्याच्या कानडी कानाला मात्र सरी म्हणजे ठरलं.

"गिरी, अरे मी नुसती ऐकत होते."

"पेपरात काम करणाऱ्या बाईला शब्दाचा अर्थ मी सांगू काय?"

चूक माझी होती तेवढी होतीच. म्हटलं, डिसेंबरपर्यंत मुदत दे, यांना सोसेल असं घर शोधते. त्यानं कढीपत्त्याची कुंडी उचलली आणि भिंतीवर मारली. विद्याधरच्या कानाजवळून गेली. विद्याधर हसऱ्या चेहऱ्यानं भलत्याच दिशेला बघत विचारत होता, "काय पडलं गं?"

९ जुलै, बुधवार

मनस्विनी वकिलांकडे. पोरगी तिशीची, पुण्याची, बोलते सुसाट. "काकू, आधी रिलॅक्स व्हा. तुमच्या सरीनं काही होत नाही. लेखी नोटीस लागते, पंधरा दिवसांची. मग त्यांनी दावा लावायचा. मग कोर्ट सांगेल. तोवर मालकालासुद्धा तुम्हाला बाहेर काढता येत नाही, पाणी तोडता येत नाही."

आमच्या हातात काय काय आहे, विचारलं. तिनं बोटांवर मोजून सांगितलं. निघून जाणं. लेखी मुदत घेऊन समझोता. किंवा आत्ताच कोर्टात जाऊन मनाई हुकूम मागणं.

मी तिसरं म्हटलं. विद्याधर म्हणाला, "चौथंही आहे. माझी कारखान्यातली, लेथवरची पहार अजून पलंगाखाली आहे."

"काका, ती तिथंच राहू दे." मग मला म्हणाली, "किल्ली देऊ नका, कशावर सही करू नका, आणि दोघं एकदम घराबाहेर पडू नका. कुलूप बदललं की मग घर परत मिळवायला वर्षं जातात."

११ जुलै, शुक्रवार

सकाळी दहा. मी कागदपत्रांच्या झेरॉक्सला गेले होते, विद्याधर घरात. गिरी आणि जिममधले दोघे मागच्या दारानं शिरले. घण घेऊन! न्हाणीघर फोडलं. कमोड, बेसिन, अर्ध्या फरश्या. अकरा मिनिटं. विद्याधरनं भिंतीवरच्या घड्याळाचे टोल मोजले नाहीत, घाव मोजले — चाळीस. त्याला एका कोपऱ्यात खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. एकजण खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "अण्णा, स्वल्प सहन करा, झालंच."

पोलीस आले. हवालदारानं न्हाणीत डोकावून बघितलं. "सिव्हिल मॅटर आहे अम्मा." घरमालकानं घराची दुरुस्ती काढली तर ते काय करणार!

रत्नाबाई खालच्या ओट्यावर बसून होत्या. वर बघितलं नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांना शिवी द्यावीशी वाटली. दिली. मोठ्यानं.

१२ जुलै, शनिवार

विद्याधर सवयीनं फुटक्या न्हाणीत गेला. टाचेत कमोडचा तुकडा घुसला. चिमट्यानं काढला.

१४ जुलै, सोमवार

क्रमानं लिहिते. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ते परत आले. दार फोडायला. मनस्विनीनं कोर्टात अर्ज टाकलाय हे गिरीला कळलं होतं. दारावर पहिला घाव बसला तेव्हा मी तिला फोन लावत होते. तेवढ्यात विद्याधरनं पहार काढली, कडी काढली आणि जिन्याच्या चौकात गेला. डोळ्यांनी दिसत नसलेला पासष्टीचा माणूस!

"या रे! आवाज करा, म्हणजे कुठं हाणायचं ते कळेल मला."

त्यानं हवेत पहार फिरवली. एकदा कुणाला तरी लागली, ओरडणं ऐकू आलं. मग घणाचा दांडा त्याच्या मनगटावर बसला. कचकन् आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. दुसरा कपाळावर. तो बसला. बसलेल्या माणसाला गिरीनं लाथ घातली. एकदा नव्हे. खालून कुणीतरी किंचाळत वर येत होतं, सगळेच ओरडत होते. मी विद्याधरला काखेत धरून आत ओढला. उंबऱ्यावर रक्ताचा पट्टा.

मग दार. अंगाचा भार टाकून ढकललं. फटीत बोटं आली, चौकटीवर. चार. मला दिसली. थांबता आलं असतं. मी एक पाऊल मागं घेतलं आणि पुन्हा, जोरात, पूर्ण अंगानं दारावर पडले.

दार लागलं नाही. हाडावर अडलं. मग बोटं निघाली आणि लागलं.

बाहेर जे ओरडणं झालं त्यानं मला बरं वाटलं. हे इथं लिहून ठेवते. बरं वाटलं.

१५ जुलै, मंगळवार

विद्याधर इस्पितळात. मनगट दोन जागी मोडलंय, कपाळाला सात टाके. डॉक्टरांनीच ठाण्याला कळवलं, त्यामुळे या वेळी सिव्हिल मॅटर नाही. तक्रार मी लिहिली. पानभर. वेळ, जागा, कोण, कशानं. हवालदार म्हणाला, "अम्मा, इतकं स्वच्छ कुणी लिहीत नाही."

दाराचं लिहिलं नाही. खात्रीचं नसेल ते बातमीच्या कॉपीत जात नाही. हे तर खात्रीचं होतं.

घराला कुलूप लावून आलेय. दोघं एकदम बाहेर! चंद्राबाई आमच्या दारात खुर्ची टाकून बसल्यात. "येऊ दे कोण येतो ते," म्हणाल्या. मांडीवर विळी.

१७ जुलै, गुरुवार

मनाई हुकूम मिळाला! पुढच्या तारखेपर्यंत आम्हाला कुणी हलवायचं नाही, पाणी जोडून द्यायचं. मनस्विनीचा फोन सव्वाचारला. कागदावर प्रतिवादी रत्नाबाई, कारण घर त्यांचं. विद्याधरला वाचून दाखवला. म्हणाला, "पुन्हा वाच. सावकाश."

घरी आलो. उंबरा पुसला. डाग लाकडात गेलाय.

१९ जुलै, शनिवार

दुपारी दारावर थाप. दोघंही जागच्या जागी उभे. मग आवाज आला, "अहल्या, मी गं. स्वल्प दार उघड."

रत्नाबाई. आत आल्या आणि स्वतःच कडी लावली. डाव्या हातानं. उजवा प्लॅस्टरमध्ये, ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. ओठ आणि डोळा कालचा. कोर्टाचा कागद आला तशी गिरीनं त्यांना भिंतीवर आपटलं — घर माझ्या नावावर करून दे म्हणून. गेलं वर्षभर हेच चाललंय. खाली भांडी पडायची, आम्ही समजायचो भांडी पडली!

"सही कर म्हणतो. करते की म्हटलं, हा हात बघ आधी."

विद्याधर हसला. टाके ताणले म्हणून कळवळला. त्याही हसल्या. मग त्यानं विचारलं, "अक्का, हात कधी मोडला?"

"सोमवारी. त्याला आवरायला म्हणून वर आले होते मी. मग वाटलं, आतच यावं तुमच्याकडे."

"कुणी मोडला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पोरानं."

रात्री त्या आमच्याकडेच निजल्या. मी दिवाणखान्यात खाली, त्या माझ्या पलंगावर.

२० जुलै, रविवार

सकाळी स्वयंपाकाच्या ओट्याशी आम्ही दोघीच. हळू बोलल्या — "दार तू लोटलंस. ठाऊक आहे मला. पण जबाबात मी गिरी म्हणणार. तुझ्या तक्रारीवर अजून मोकळाच आहे तो. आईचाही हात मोडलाय म्हटल्यावर ते त्याला नेतील. मग मी खाली, तुम्ही वर. मरेपर्यंत कुणी काढणार नाही तुम्हाला. तुला विचारतील, तू होतीस ना तिथं."

बोटं बारीक होती. म्हाताऱ्या बाईची. सोमवारीच दिसलं होतं. मी इथंसुद्धा लिहिलं नाही.

उद्या अकराला ठाण्यात जबाब. आधी त्यांचा, मग माझा.